२१ हजार ओलांडले म्हणजे कामगार 'सुटला'?

पगारपत्रक

काल 'उद्योगमित्र' यांची पोस्ट वाचली आणि गप्प बसवेना. ज्यांच्या नजरेतून निसटली असेल त्यांच्यासाठी सार: ईएसआय (कर्मचारी राज्य विमा, म्हणजे पगारातून वर्गणी कापून चालणारा सरकारी विमा) म्हणजे मालक आणि कामगार दोघांच्या खिशाला कात्री. दवाखान्यात कुणी विचारत नाही. पगार २१ हजारांच्या वर गेला की दोघेही 'सुटतात'. मर्यादा ३० हजार करा ही मागणी हाणून पाडा आणि ज्याला जी मेडिक्लेम घ्यायची ती घेऊ द्या. खाली 'शंभर टक्के सहमत'ची रांग.

नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या लहान कारखान्यांची पगारपत्रकं आणि चलनं करून माझं पोट चालतं, म्हणून सविस्तर लिहिते.

जुलै २०१९ पासून वर्गणी म्हणजे पगाराच्या मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५. त्याआधी ४.७५ आणि १.७५ होते, रड तेव्हाही हीच होती. २१ हजारवाल्याच्या स्लिपमधून १५८ रुपये कापले जातात, मालकाचा वाटा धरून सगळे मिळून साडेआठशेच्या आत. एवढ्या पैशांत नवरा, बायको, पोरं आणि अवलंबून असलेले आईबाप घेणारी मेडिक्लेम कुठे मिळते ते उद्योगमित्रांनी सांगावं. पहिला फॉर्म मी भरते.

पण माझा राग दवाखान्यावरच्या टीकेचा नाही. ती टीका निम्मी खरी आहे. राग याचा आहे की ईएसआय म्हणजे फक्त दवाखाना असं धरून चाललात. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार कोण देतं? कॅन्सर, टीबीसारख्या ३४ दुखण्यांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के? कामावर बोटं गेली तर घरी बसल्याचे ९० टक्के? बाळंतपणाचे २६ आठवडे पूर्ण पगार? यातलं एकही कलम मेडिक्लेममध्ये नसतं. मेडिक्लेम हॉस्पिटलचं बिल भरते आणि मोकळी होते, घरच्या किराण्याचं काय?

आता मालकांसाठी, कारण 'दोघेही सुटतात' हे मला जास्त खटकलं. २४ हजार पगाराची बाई ईएसआयच्या बाहेर आहे. तिच्या बाळंतपणाचा पगार मालकाने द्यायचा, साधारण १ लाख ४४ हजार. तिच्या नावावर तुमचे वाचले महिन्याला ७८०. त्या बचतीतून ही रक्कम उभी राहायला १५ वर्षं लागतील. म्हणून मग काय होतं ते मी मुलाखतींच्या वेळी शेजारच्या टेबलावर बसून ऐकते: "लग्न ठरलंय का?" पगार २१च्या आत असला की हा प्रश्न येत नाही, वर गेला की हमखास येतो. मर्यादा २०१७ पासून हललेली नाही. पगार हलले. दरवर्षी काही बायका या रेषेच्या पलीकडे जातात आणि त्यांना कामावर घेणं मालकाला महाग पडायला लागतं. याला सुटणं म्हणायचं?

---

उद्योगमित्र

मॅडम, मोठं लिहिलंत म्हणून बरोबर ठरत नाही. माझ्याकडे २१च्या वरचे वीस जण आहेत. तुमच्याच हिशेबाने महिन्याला १५,६०० वाचतात, वर्षाला पावणेदोन लाखांच्या वर. त्यात बायका तीन, त्यातल्या दोघींची पोरं कॉलेजात जातात. कुठल्या बाळंतपणाची भीती घालताय?

अपघाताचं म्हणाल तर डब्ल्यूसी पॉलिसी (कामावरच्या अपघाताच्या भरपाईचा विमा) काढली की विषय संपला.

आणि दवाखान्याची टीका 'निम्मी खरी' म्हणून उडवू नका. माझा माणूस ताप घेऊन जातो, अर्धा दिवस रांगेत जातो, गोळ्या संपल्या म्हणून बाहेरून लिहून मिळतात. हजेरी माझी बुडते. दुसऱ्यांदा तो जातच नाही, पाथर्डी फाट्यावरच्या खासगी डॉक्टरला तीनशे रुपये देऊन दुपारपर्यंत कामावर येतो. म्हणजे वर्गणी भरली आणि फीसुद्धा भरली. वर चांगली माणसं टिकावीत म्हणून मी ग्रुप पॉलिसी देतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून घरगुती पॉलिसीवरचा जीएसटी शून्य केला, वा! माझ्या ग्रुप पॉलिसीवर मात्र १८ टक्के तसाच. कामगारांचं भलं करणाऱ्या मालकालाच दंड. यावर लिहा की एक लेख.

---

तिखट मिसळ

वीस जणांत तीनच बायका का, याचं उत्तर तुम्ही स्वतःच दिलंत शेठ. 😄

---

सेटर अंबड

मी रोज वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

माझ्या आईचं डायलिसिस ईएसआयवर चालू आहे, टाय-अपच्या (ईएसआयशी करार असलेल्या) खासगी हॉस्पिटलात, आठवड्यातून दोनदा. रेफरचा कागद दर खेपेला नव्याने करून घ्यावा लागतो, सही करणारा साहेब रजेवर असला की जीव खालीवर. शिव्या मीही घालतो. पण खिशातून एक रुपया जात नाही.

माझा पगार २०,६०० आहे. मालक चांगला आहे, या खेपेला हजार वाढवतो म्हणाला. मी नको म्हणालो. सेक्शनमधले हसले. वर्षाला बारा हजारांची वाढ घेऊन डायलिसिस स्वतः करायचं म्हणजे घर विकायचं. बाहेर सिन्नरला मला २५वर बोलावतात, जाता येत नाही. हे सुटणं का अडकणं ते तुम्हीच ठरवा.

---

गंगापूर रोड

सेटरभाऊ, आमच्याकडे कॉलर पांढरी, अडकणं तेच. माझ्या कंपनीच्या पॉलिसीत आईवडील आहेत, वडलांना बायपास झालेली. पुण्यातून दोनदा चांगली ऑफर आली, तिथल्या पॉलिसीत फक्त बायको-मुलं. नोकरी सुटली की ग्रुपचं कवच संपतं. नवी वैयक्तिक घ्यावी तर वडलांच्या वयाला प्रीमियम ऐकून डोळे पांढरे, आणि जुन्या आजाराची तीन वर्षांपर्यंत वाट बघा. पूर्वी चार होती, २०२४ मध्ये तीन केली, तेवढीच काय ती सुधारणा. साठीच्या पुढच्यांची प्रीमियमवाढ वर्षाला दहा टक्क्यांवर नेण्याआधी विमा प्राधिकरणाला विचारायचं असंही ठरलं, पण मूळचाच आकडा एवढा असल्यावर दहा टक्के म्हणजे किती?

---

अण्णा नाशिकरोड

एवढी चर्चा कशाला? महात्मा फुले योजना आहे ना. आता पाच लाख, पांढरं रेशनकार्ड असलं तरी चालतं. वय ७० झालं की आयुष्मानचं कार्ड उत्पन्न न बघता. सरकार फुकट देतंय तर पगारातून कपात हवीच कशाला? मालकही खूश, कामगारही खूश.

---

पगारपत्रक

अण्णा, त्या योजनेत ठरावीक उपचार, ठरावीक हॉस्पिटलं. तापाची गोळी नाही, ओपीडी नाही, घरी बसलेल्याचा पगार तर नाहीच. आहे ती चांगली आहे, पण ईएसआयच्या जागी बसत नाही.

उद्योगमित्र, डब्ल्यूसी पॉलिसीची आठवण करून दिलीत, बरं झालं. जुन्या १९२३च्या कामगार भरपाई कायद्याने २५ वर्षांचा पोरगा दगावला तर पंधरा हजार पगार धरून सोळा लाखांच्या वर भरपाई बसते, नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत हीच जबाबदारी आली आहे. पॉलिसी असेल तर ठीक. माझ्या माहितीतल्या किती जणांनी ती वेळेवर नूतनीकरण केलीये हे मी इथे लिहीत नाही, गिऱ्हाइकं तुटतील. ग्रुपवरच्या जीएसटीचं मात्र तुम्ही बरोबर बोलताय, ते सरळ अन्यायकारक आहे.

सेटरभाऊ, तुमच्यासाठी कामाची गोष्ट. वाढ १ एप्रिलला घेऊ नका. वर्गणीचा काळ एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असा असतो. काळ सुरू झाल्यावर मर्यादा ओलांडली तर तो काळ संपेपर्यंत कपात चालू राहते. वाढ मेपासून घेतलीत तर सप्टेंबरअखेर वर्गणी, आणि त्या वर्गणीवर पुढच्या जूनअखेरपर्यंत लाभाचा काळ. मालकांना सांगून बघा.

---

उद्योगमित्र

बघा, कायद्याच्या फटी शोधायला मॅडम पटाईत. मालकाने फट शोधली की लबाडी.

---

पगारपत्रक

फटीच काढायच्या तर गेल्या वर्षी पाहिलेली सांगते. एकच शेड, मधोमध पत्र्याची भिंत, पत्र्याला दरवाजा. अलीकडे नवऱ्याची फर्म, पलीकडे बायकोची. दोन मीटर, दोन पाट्या, प्रत्येकी नऊ कामगार. जेवणाच्या सुट्टीत अठराही जण एकाच कट्ट्यावर. दहा झाले की ईएसआय लागतं म्हणून दहावा माणूस कधी येतच नाही. ऑर्डर आली तर ओव्हरटाइम, माणूस नाही. जुलै २०२५ पासून मागची वसुली न करता नोंदणीची सवलत आली होती. मी त्यांना पत्रक दाखवलं. म्हणाले, "मॅडम, आज मागचं नाही विचारणार, पुढचं तर विचारतीलच ना."

---

निफाडकर

तुमच्या एमआयडीसीवाल्यांचं बरंय, भांडायला ईएसआय तरी आहे. आमच्या द्राक्षबागेत छाटणीला, डिपिंगला, पॅकिंगला पेठ-सुरगाण्याची माणसं येतात, फवारणीत चक्कर येऊन पडलं तर गाडी माझी, दवाखाना माझ्या खिशातून. कोणती वर्गणी आणि कोणता लाभ. आणि सगळे मिळून कामगार कामगार करताय, कामगार आहेत कुठे? लोकल पोरगं कामाला तयार नाही. गावात पारावर मोबाईल घेऊन बसलेत. उद्या ईएसआय ५० हजारांवर न्या, पोरगं काही उठणार नाही.

---

उद्योगमित्र

लाख बोललात निफाडकर! माझ्याकडे आज यूपी-बिहारची पोरं नसती तर शटर ओढावं लागलं असतं. लोकल मुलगा तीन दिवस येतो, चौथ्या दिवशी फोन बंद. सणाला चार दिवस सांगून पंधरा दिवस गायब. याचं कारण मर्यादा आहे का? संस्कार आहे.

---

आयटीआयवाला

संस्कार काढलेत म्हणून बोलतो. सातपूरच्या आयटीआयला फिटर केला. पहिली नोकरी 'ट्रेनी' म्हणून. अप्रेंटिस कायद्याखालचा शिकाऊ म्हणजे ईएसआय नाही. वर्ष संपलं, ठेकेदाराच्या नावावर टाकलं. सात महिने झाले की ब्रेक, महिनाभर घरी, मग दुसऱ्या ठेकेदाराच्या नावावर. स्लिपवर कपात होती. मलेरिया झाला तेव्हा दवाखान्यात गेलो तर म्हणे तुमच्या नंबरवर वर्गणीच नाही. आजाराचा पगार मिळायला सहा महिन्यांच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी लागते. कपात करायची, भरायची नाही आणि वर ब्रेक द्यायचे, मग ७८ भरणार कुठून? हे योगायोगाने होतं का शेठ? त्या ठेकेदाराला कंपनीने काही विचारलं नाही.

आता मी जेवणाच्या डिलिव्हऱ्या करतो. चौथ्या दिवशी फोन बंद करणारा तो लोकल मुलगा मीच समजा.

---

गरवारे पॉइंट

आयटीआयवाल्या भावा, टाळ्या. कपात केलेली वर्गणी भरली नाही तर मूळ मालकही जबाबदार आहे, कायदा अगदी स्पष्ट. पण तक्रार करणाऱ्याला दुसऱ्या दिवशी गेटवर कोण घेणार? सीटूचे, इंटकचे, कुठलेही बिल्ले लावा, ठेकेदाराच्या पोरांना युनियन पोचत नाही हे मी युनियनमध्ये पंचवीस वर्षं घालवून सांगतो. पर्मनंटवाल्यांचा करार झाला की मिठाई वाटायची आणि घरी जायचं. आमचंही चुकतंच.

---

उद्योगमित्र

आलं युनियन! तुमच्यामुळेच नाशिकचे प्रकल्प चाकणला गेले. एकेकाळी मुंबई-पुणे-नाशिक सुवर्ण त्रिकोण म्हणायचे, आता तिसरा कोन कुठे दिसतोय?

---

गरवारे पॉइंट

चाकणला युनियन नाहीत वाटतं? प्रकल्प गेले ते बंदर, विमानतळ आणि जमिनीच्या भावापायी. आमच्या डोक्यावर कशाला फोडता?

---

निफाडकर

विषय पोरांचा होता. डिलिव्हरीत काय ईएसआय मिळतं? पाऊस, ट्रक, खड्डे. मुंबई-आग्रा हायवेला रात्री दोन वाजता जेवण घेऊन पळताना पाहतो मी. तिथे मात्र लाज नाही, मालकाच्या शेडमध्ये यायला लाज.

---

आयटीआयवाला

लाजेचा प्रश्न नाही काका. डिलिव्हरीत पैसे कमी आहेत, विमा अपघातापुरता आहे. पण तिथे फोरमन शिवी देत नाही आणि ब्रेक मी घेतो, मला देत नाहीत. नव्या संहितेत कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के आमच्या सामाजिक सुरक्षेच्या निधीत घालायचा आहे, २०२५च्या अर्थसंकल्पात आयुष्मानमध्ये घेण्याची घोषणा झाली, सरकारच्या ई-श्रम नोंदणीत नाव टाकलंय. हातात पडेल तेव्हा सांगतो. आणि काका, छाटणीला रोजानं किती देता ते पण लिहा इथे.

---

निफाडकर

द्राक्षाला भाव किती मिळतो ते आधी तू लिही! बेमोसमी पाऊस झाला की माझा विमा मला मिळत नाही, मी कुणाला काय देऊ? एक एकर बागेला उभा खर्च किती माहीत आहे का? स्कूटरवर बसून शेतकऱ्याला अक्कल शिकवायची.

---

तिखट मिसळ

धागा ईएसआयचा, पोचला द्राक्षबागेत. पुढचा प्रतिसाद लासलगावच्या कांद्यावर अपेक्षित आहे.

---

बेदाणा

कांद्याचं काढलंतच तर निर्यात शुल्काबद्दल...

---

संपादक

कांदा नको. 'अक्कल' वगैरे वैयक्तिक भाषा दोन्ही बाजूंनी थांबवा, नाहीतर धागा वाचनमात्र करावा लागेल.

---

पगारपत्रक

निफाडकर काका, तुमचा राग समजतो, पण तुमचंच उदाहरण बघा. फवारणीत पडलेल्याचा खर्च तुमच्या खिशातून गेला म्हणालात. कुणाच्या तरी खिशातून तो जाणारच असतो. सगळ्यांनी थोडं थोडं भरून एकट्यावर येऊ द्यायचा नाही, एवढंच ईएसआयच्या १९४८च्या कायद्यात होतं. आणि पोरं का येत नाहीत याला आयटीआयवाल्याने दिलेलं ७८ दिवसांचं उत्तर कुणी खोडलेलं नाही. संस्कारांवर बोलणं सोपं, हजेरीपत्रकातले ब्रेक कुणी काढून दाखवत नाही.

एक भर. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ला लागू झाल्या. वेतनाच्या नव्या व्याख्येत घरभाडं आणि प्रवासभत्ता बाहेर राहतो, मात्र वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरची रक्कम वेतनात धरायची. माझ्या हिशेबाने १६ हजार मूळ पगार आणि १२ हजार घरभाडं-प्रवास असलेला २८ हजारवाला परत २१च्या आत येऊ शकतो. ज्यांनी भत्त्यांची चतुराई करून माणसं बाहेर काढली होती त्यांनी स्लिपा पुन्हा बघाव्यात. मर्यादा न हलवता माणसं आत येणार, तेव्हा ओरडू नका.

---

उद्योगमित्र

म्हणजे मागच्या दाराने तेच. धन्यवाद, उद्याच सीएला फोन करतो. तुमच्या पोस्टचा हा एवढा एकच उपयोग झाला.

---

बंद प्रेस

सगळं वाचून काढलं. दोन ओळी लिहायच्या होत्या, लांबलं तर सांभाळून घ्या.

पॉवर प्रेसवर होतो. शंभर टनी. दोन हातांची बटणं होती, उत्पादन वाढावं म्हणून एक बटण तारेने दाबून ठेवलेलं, एका हाताने माल काढायचा, दुसऱ्या हाताने स्ट्रोक. सगळ्या लाइनला तसंच. डावी दोन बोटं गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, तिथे अजून मित्र आहेत.

तेव्हा माझा पगार २१च्या आत होता. उपचार झाले, घरी बसल्याचे पैसे बँकेत येत राहिले, नंतर मेडिकल बोर्डापुढे उभा राहिलो, अपंगत्वाची टक्केवारी ठरली, आता दर महिन्याला छोटीशी रक्कम येते. मरेपर्यंत येणार. माझ्या शेजारच्या प्रेसवर सीनियर ऑपरेटर होता, पगार २३. त्याचा अंगठा चारएक महिन्यांनी गेला. तो मर्यादेबाहेर. शेठ म्हणतात तशी पॉलिसी होती, पण तिच्यात जेवढी माणसं दाखवली होती त्याहून जास्त कामाला होती. विमा कंपनीने यादी मागितली. त्याचं नाव नव्हतं. मालकाने थोडे पैसे दिले, कागदावर सही घेतली, म्हणाला कोर्टात गेलास तर आयुष्य जाईल. तो आता गावी, दिंडोरी तालुक्यात. अंगठ्याशिवाय स्पॅनर धरता येत नाही.

दोघांचं मशीन एक, तार एकच.

---

सेटर अंबड

तारेचं बटण आमच्याकडेही आहे.

---

गरवारे पॉइंट

सेटरभाऊ, कुठली कंपनी ते मला खासगी निरोपात कळवा. कारखाना निरीक्षकाकडे नाव न देता तक्रार करता येते.

---

उद्योगमित्र

तार बांधणाऱ्या मालकाचं समर्थन मी करणार नाही. माझ्या शेडमध्ये ये आणि बघ, लाइट कर्टन (हात मध्ये आला की प्रेस थांबवणारे) लावलेत, पदरचे पैसे घालून. अपघाताच्या बाबतीत ईएसआय चांगलं आहे, झालं समाधान? पण यातून मर्यादा ३० हजार करा हे सिद्ध होत नाही. अपघाताचं वेगळं काढा, त्याचा वेगळा अर्धा टक्का घ्या, मी हसत भरेन. ३० हजारवाल्याच्या नावावर मी ९७५ आणि त्याने २२५ भरायचे, आणि त्याने त्याच रांगेत उभं राहायचं, हे मला पटत नाही. आधी डॉक्टर भरा, औषधं ठेवा, मग मर्यादा वाढवा.

---

पगारपत्रक

डॉक्टर भरण्याचा मुद्दा शंभर नंबरी. दवाखाने चालवायचे राज्याने, खर्चाचे आठातले सात भाग ईएसआय महामंडळाचे, एक राज्याचा, आणि पदं रिकामी राहिली की दोघे एकमेकांकडे बोट दाखवतात. पण ३० हजारवाला आत आला की रांगेत बोलायला येणारा माणूसही आत येतो. आज तिथे उभे असतात ते हेल्पर. त्यांची तक्रार कुणी लिहून घेत नाही. तुमचे सुपरवायझर उभे राहिले तर तुम्हीच निमाच्या (उद्योजकांच्या संघटनेच्या) बैठकीत टेबलावर हात आपटाल.

---

उद्योगमित्र

म्हणजे दवाखाना सुधारायला माझे सुपरवायझर ओलीस. छान.

---

गंगापूर रोड

एक विचारायचं राहिलं. ईएसआयमध्ये निवृत्तीनंतरही काही मिळतं म्हणे?

---

पगारपत्रक

निवृत्त होताना विम्यात असाल आणि किमान पाच वर्षं झालेली असतील तर वर्षाला १२० रुपयांत नवरा-बायको दोघांना उपचार. महिन्याला नाही, वर्षाला. आधीच मर्यादा ओलांडून बाहेर पडलेल्यांसाठी २०२४मध्ये सवलत ठरली, अटी आहेत. तुमच्या वडलांना लागू होते का ते त्यांचा जुना नंबर घेऊन ऑफिसात विचारा.

---

सेटर अंबड

मॅडम, मालकांशी बोललो. मेपासून वाढ द्यायला तयार आहेत. एप्रिलचा फरक देणार नाही म्हणाले.

---

उद्योगमित्र

घ्या! सरकारच्या मर्यादेने गरिबाचे हजार रुपये खाल्ले आणि शिव्या खायला मालक.

---

पगारपत्रक

मर्यादेने एप्रिलची वाढ पुढे ढकलली. ते हजार दिवाळीच्या बोनसात घालायला मालकाला कुणी अडवलंय?

सेटरभाऊ, वाढीचं पत्र मेच्या तारखेचंच घ्या, मागची तारीख टाकू देऊ नका. आणि सप्टेंबरअखेर कपात बंद होईल, त्याआधी आईंच्या रेफरचे सगळे कागद झेरॉक्स करून ठेवा. पुढच्या जूननंतर काय करायचं त्याचा विचार आत्तापासून करू, महात्मा फुलेमध्ये डायलिसिसची सोय जवळ कुठे आहे ते मी सोमवारी विचारते.

---

तिखट मिसळ

बोनसवर उद्योगमित्रांचं मत अजून आलं नाही.